यंदा नाही, सोनू

चि. सोनू यास अनेक आशीर्वाद.

समोरासमोर बोलायला बसलो की दुसऱ्या वाक्याला तुझं दार आपटतं, म्हणून लिहिते आहे. मराठीत अशासाठी, की रागाच्या भरात भराभर वाचून बाजूला टाकता येणार नाही. अडलं तर आजीला विचार. तिने हे आधीच वाचलंय आणि तिचं मत माझ्याहून कडक आहे.

तू ज्या आइस हॉकी अकॅडमीत जायचं म्हणतोस, तिचं पत्र मी नीट वाचलं. फी, शाळेची व्यवस्था, बिलेट म्हणून परक्या कुटुंबात राहणं, सगळं. तुझं म्हणणं असं, की ओशावा जनरल्समध्ये, म्हणजे कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या ओशावा गावाच्या ज्युनियर टीममध्ये, जायचं तर चौदाव्या वर्षी घर सोडावंच लागतं. म्हटलं, बघू तरी ही टीम उभी कशी राहिली. लायब्ररीतून पुस्तकं आणून रात्री वाचत बसले. बाबांना वाटलं मला हॉकीचं वेड लागलं. वेड कसलं, मला मुद्दे हवे होते.

टीम सुरू झाली १९३७ साली. नाव कुठल्या सेनापतीवरून नाही, जनरल मोटर्सवरून. खर्च कंपनीचा होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कंपनीच्या ओशावातल्या कारखान्यातल्या जवळजवळ चार हजार कामगारांनी युनियनला मान्यता मिळावी म्हणून दोन आठवड्यांहून जास्त संप केला होता. प्रांताचा पंतप्रधान हेपबर्न त्यांच्या विरोधात हट्टाला पेटला होता. म्हणजे वसंतात कंपनी आणि गाव एकमेकांसमोर उभे, आणि हिवाळ्यात कंपनीचं नाव लावलेल्या पोरांच्या नावाने तेच गाव ओरडतंय. मला यात नवल वाटलं नाही. चिंचवडला आमच्या कॉलनीत युनियनच्या सभेला जाणारी माणसं संध्याकाळी कंपनीच्या कबड्डी टीमसाठी घसा फोडायची. फरक एवढाच, की तिथले खेळाडू कंपनीत नोकरीला असायचे. इथली तर शाळकरी मुलं.

आणि ती मुलं खेळलीही अशी, की १९३८ पासून १९४४ पर्यंत ओंटारियोचं अजिंक्यपद सलग सात वर्षं त्यांच्याकडेच. त्यात १९३९, १९४० आणि १९४४ ला मेमोरियल कप, म्हणजे अख्ख्या कॅनडाचं ज्युनियर अजिंक्यपदसुद्धा. हा कप पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ साली सुरू झाला, हे तुला ठाऊक असेल. पण रेड टिल्सन? ज्याच्या नावाची ट्रॉफी दरवर्षी ओएचएलच्या, म्हणजे ओंटारियोच्या ज्युनियर लीगच्या, सर्वोत्तम खेळाडूला देतात, तो १९४३ साली जनरल्सकडून खेळत लीगमध्ये सगळ्यात जास्त गुण मिळवणारा पोरगा. पुढच्याच वर्षी तो युरोपात लढाईत मारला गेला. वीस वर्षांचा होता. हे पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि तुझ्या खोलीत डोकावून आले. तू झोपला होतास, दिवा चालू ठेवून, नेहमीसारखा.

१९५३ मध्ये त्यांचं रिंक, हॅम्बली अरीना, जळून गेलं. टीमच बंद पडली, आणि ती परत उभी राहिली थेट १९६२ साली. म्हणजे मधली नऊ वर्षं ओशावातल्या ज्या मुलांचं वय चौदा-पंधरा होतं, त्यांच्या वाट्याला जनरल्स आलेच नाहीत. परत सुरू झाली तेव्हाही स्वतःचं रिंक नव्हतं. घरच्या म्हणवल्या जाणाऱ्या मॅचेस टोरंटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये व्हायच्या. ओशावाचं सिव्हिक ऑडिटोरियम १९६४ मध्ये उघडलं, तेही गावाने वर्गणी काढून.

आता मुद्द्याचं. त्या १९६२ च्या टीममध्ये एक चौदा वर्षांचा मुलगा होता, बॉबी ऑर. तू त्याचे जुने व्हिडिओ बघतोस, पण त्याच्या आईचं नाव तुला माहीत नसणार. आर्वा. पॅरी साउंड टोरंटोच्या उत्तरेला सव्वादोनशे किलोमीटरवर, वडील डायनामाइटच्या कारखान्यात कामाला. एनएचएल या मोठ्या व्यावसायिक लीगमधल्या बोस्टन ब्रुइन्स क्लबच्या माणसांनी मुलाला बारा वर्षांचा असताना गॅनानोक्वेच्या एका स्पर्धेत पाहिलं, आणि त्या दिवसापासून त्या घराचा पिच्छा सोडला नाही. पॅरी साउंडच्या मुलांच्या हॉकीला पैसे दिले, घराला बाहेरून गिलावा करून द्यायचंही कबूल केलं. त्या काळी सी फॉर्म नावाचा कागद असायचा. त्यावर सही झाली की मुलगा एका एनएचएल क्लबला बांधला गेला, कायमचा. चौदा वर्षांचं पोर! ती पद्धत पुढे बंद झाली ते बरंच झालं. असा कागद माझ्यापुढे कुणी ठेवला असता तर मी त्याला चहाही विचारला नसता.

पण आर्वाबाईंनी सही होऊ दिली, आणि मुलाला मात्र पहिलं वर्ष घरातच ठेवलं. तो पॅरी साउंडच्या शाळेत जायचा आणि मॅचपुरता गाडीतून खाली यायचा. त्या अख्ख्या सीझनमध्ये टीमबरोबर एकही प्रॅक्टिस नाही. समोर अठरा-एकोणीस वर्षांचे दांडगे. तरीही लीगच्या दुसऱ्या ऑल-स्टार टीममध्ये त्याचं नाव लागलं. पुढच्या वर्षी तो ओशावात राहायला गेला, आणि अठराव्या वर्षी बोस्टनला. एक वर्ष घरी जेवल्याने त्याचं काही बिघडलं नाही. बिघडले ते गुडघे, इतके की तिशीत खेळ सोडावा लागला. (तू परवा जिना उतरताना गुडघा धरलास तो मी पाहिलाय. फिजिओची वेळ घेतली आहे.)

तू आता जॉन टव्हारेसचं उदाहरण देशील, म्हणून तोही वाचून ठेवला. २००५ साली लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स नवे खेळाडू निवडतात तेव्हा, जनरल्सने त्याला चौदाव्या वर्षी पहिल्या क्रमांकावर घेतलं, खरं आहे. पण त्याच्यासाठी लीगला वेगळी सवलत काढावी लागली, आणि ती मिळालेला तो पहिलाच. एरवी लीग स्वतःच म्हणते की पंधराव्या वर्षी मुलगा लहान असतो. शिवाय तो ओकव्हिलचा. ओशावा त्याला गाडीने जायच्या अंतरावर. तुझी अकॅडमी विमानाने जायच्या अंतरावर आहे.

तेव्हा माझा निर्णय असा. यंदा घरी राहायचं आणि आहे त्या क्लबमध्येच खेळायचं. पहाटेच्या प्रॅक्टिसला बाबा सोडतील, शनिवारच्या मी. उन्हाळ्यात अकॅडमीचा कॅम्प असतो, त्याला जा. त्याचे पैसे आम्ही बाजूला ठेवले आहेत. पुढच्या वर्षीही तुला असंच वाटलं तर ज्या घरात तू राहणार ते मी आधी पाहीन, त्या बाईंच्या स्वयंपाकघरात बसून बोलेन, मग ठरवू. तुझा ओएचएलचा ड्राफ्ट अजून दोन वर्षांवर आहे, तो कुठेही पळून जात नाही.

अकॅडमीला शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. त्याआधी तुझे मुद्दे घेऊन ये, आकडे आण, नावं आण. मी ऐकेन. एखाद्या गोष्टीत मी चुकतेय असं दाखवून दिलंस तर तेवढ्यापुरतं बदलेनही, पण "सगळे जातात" हा मुद्दा धरणार नाही.

तुझी,
आई