सत्तेचाळीस वर्षांचा गॅप

मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला भूकरमापक. वय ६८. नोकरीभर जमिनी मोजल्या, आधी साखळीने, मग प्लेन टेबलवर, शेवटी शेवटी मशीनवर. एक गोष्ट मात्र कधी आली नाही, ती म्हणजे मोडी. मोजणीची जुनी टिपणं, जमिनीच्या फाळणीचे कागद रेकॉर्डरूममधून निघाले की आमच्या ऑफिसात ते वाचू शकणारे एकच गृहस्थ. ते रजेवर, म्हणजे प्रकरण पुढच्या तारखेला. ते सेवानिवृत्त झाल्यावर खातेदार बाहेरून पैसे देऊन लिप्यंतर करून आणू लागले. त्यात काय लिहून आणलंय हे आम्ही नुसतं बघायचो. खरं-खोटं करायला अक्षर कुठे लागत होतं? तेव्हाच ठरवलं, सुटलो की मोडी शिकायची.

गेल्या वर्षी आमच्या शहरातल्या एका महाविद्यालयात मोडीचा सर्टिफिकेट कोर्स निघाला. मी आणि शेजारच्या निवृत्त सिस्टर, दोघं फॉर्म भरायला गेलो. खिडकीतला मुलगा नम्र होता. माझी १९७८ ची पदवी बघून म्हणाला, "काका, गॅप सर्टिफिकेट लागेल." म्हटलं, कसला गॅप? तर शेवटची परीक्षा आणि आजचा प्रवेश यांच्यातला. सत्तेचाळीस वर्षांचा. प्रतिज्ञापत्रावर कारण लिहून द्यायचं. त्याचा दोष नाही, सॉफ्टवेअर तो रकाना मोकळा सोडून पुढे जात नव्हतं. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. सिस्टरांनी गुडघ्याकडे बघितलं आणि फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला.

आमच्या वॉर्डात ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र आहे. कॅरम, वर्तमानपत्रं, सकाळी हास्यक्लब. मी रोज जातो, कॅरममध्ये हरतोही. पण त्या पाटीवरचा शब्द मला टोचतो. साठी उलटलेल्या माणसाला वेळ घालवायचाच असतो, हे शासनाने कधी ठरवलं? आमच्या कॅरम बोर्डाभोवती एक माजी वायरमन, एक बँकेतले, एक संस्कृतच्या बाई बसतात. वायरमनना संस्कृत शिकायचंय. बाईंना मोबाईलवरून पैसे पाठवताना भीती वाटते, ती घालवायचीय. सगळा माल इथेच आहे, वर्ग तेवढा नाही.

आपल्याच राज्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ते नव्वदीच्या आज्या गुलाबी साड्या नेसून, पाठीला दप्तर लावून बाराखडी गिरवायला बसल्या. फोटो जगभर गेले. कौतुक करून झालं, पण तशा शाळा गावोगाव निघाल्या नाहीत. साक्षरतेसाठी केंद्र सरकारचा 'उल्लास' कार्यक्रम आहे, तो हवाच. पण ज्यांना सही करता येते त्यांचं शिक्षण संपलं, असं समजायचं का?

कागदावर सगळं आहे, साहेब. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचं २१ वं प्रकरण प्रौढ शिक्षण आणि आजीवन अध्ययनाचंच आहे. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी शाळांच्या इमारती आणि सार्वजनिक ग्रंथालयं प्रौढांच्या वर्गांसाठी वापरावीत, असं त्यात लिहिलंय. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात आजीवन अध्ययन व विस्तार मंडळाची तरतूद आहे. नाशिकचं मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून आहे. तिथली पुस्तकं घरी येतात, सोबत येत नाही, आणि या वयात निम्मं शिकणं सोबतीसाठीच असतं. (शाळांच्या इमारती तुमच्या खात्याकडे नाहीत, हे मला ठाऊक आहे. सरकारी नोकरीत केस काळ्याचे पांढरे झालेत. दोन खात्यांत एक पत्र जायला किती दिवस लागतात हेही ठाऊक आहे.)

फ्रान्समध्ये तुलूझच्या विद्यापीठाने १९७३ मध्ये उतारवयातल्या लोकांसाठी वेगळे वर्ग उघडले. इंग्लंडमध्ये १९८२ पासून याच कल्पनेला दुसरं वळण मिळालं: सभासदच एकमेकांना शिकवतात, परीक्षा नाही, प्रवेशाला पदवी लागत नाही. आम्हाला हे दुसरं परवडेल. पगारी प्राध्यापक मागत नाही. तळमजल्यावरची एक खोली द्या, संध्याकाळी पाच ते सात, फळा आणि खडू. विद्यापीठाने अभ्यासक्रम आखून द्यावा आणि महिन्यातून एकदा कुणी जाणकार पाठवावा. फी नाममात्र घ्या, फुकट नको, फुकटच्या वर्गाला पावसात कुणी येत नाही. आणि साठीपुढच्यांसाठी तो गॅपचा रकाना काढून टाका. याला तर नवा पैसाही लागत नाही.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पासष्टीपुढच्या गरजूंना चष्म्यासारख्या साधनांसाठी ३००० रुपये मिळतात. चांगली योजना आहे. आता तो चष्मा लावून वाचायचं काय, तेवढं तुमच्या खात्याने बघावं.

कळावे,
आपला,
एक निवृत्त भूकरमापक

ता. क. प्रतिज्ञापत्र करून ठेवलंय. गॅपचं कारण म्हणून 'नोकरी, संसार' असं लिहिलंय. चालेल का, ते कळवावं. यंदाच्या प्रवेशाची मुदत संपत आली आहे.