बी विंगच्या कॉमन पॅनेलमधील बायपास केलेला आरसीसीबी तातडीने पूर्ववत करण्याबाबत

दि. 21 जुलै 2025

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यकारी समिती

महोदय,
सप्रेम नमस्कार.

बी विंगच्या मीटर रूममधला कॉमन पॅनेलचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, ज्याला आपण सगळे ईएलसीबी म्हणतो, 8 जुलैपासून सारखा पडत होता, म्हणजे आपोआप बंद होत होता. शुक्रवारपासून तो पडायचा थांबला आहे. दुरुस्ती झाली असा सगळ्यांचा समज आहे, पण तसं झालेलं नाही. काल सकाळी सचिवांच्या परवानगीने मी आणि माझ्या ओळखीचे एक परवानाधारक वायरमन पॅनेलपाशी गेलो. टेस्टचं बटण दाबलं, तर दांडी हललीच नाही. कव्हर उघडल्यावर कारण दिसलं. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तारा टेप गुंडाळून थेट जोडल्या आहेत आणि आरसीसीबी नुसता जागेवर बसवून ठेवला आहे. जिना, पार्किंग, गेट आणि पंप या सगळ्यांचं संरक्षण तीन दिवस बंद आहे. कृपया हे पत्र वाचताक्षणी तो बायपास काढायला सांगावं.

मी 26 वर्षं कारखान्याच्या देखभाल विभागात काम केलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून पाहतो. दोन्हींत फरक पडला, म्हणजे करंट दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने जमिनीत जातो आहे. आपला आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा आहे, म्हणजे 15 ते 30 च्या दरम्यान तो पडायलाच हवा. पंपाचा एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला तरच वीज तोडणारा स्विच, 16 अँपिअरचा आहे. 16 अँपिअर म्हणजे 30 मिलिअँपिअरच्या पाचशेपटीहून जास्त. एखाद्याला शॉक बसत असताना एमसीबीला त्याचा पत्ताही लागणार नाही.

पावसामुळे पडतो, असं सगळे म्हणत होते. मी वॉचमनला वहीत वेळा लिहून ठेवायला सांगितलं होतं. अकरा नोंदी आहेत. त्यातल्या तीन दिवशी पाऊसच नव्हता, आणि नऊ वेळा पंप सुरू होताच तो पडला. साहजिकच पंपावर संशय गेला आणि रिवाइंडिंगचं, म्हणजे मोटरची तार नव्याने गुंडाळण्याचं, कोटेशन आलं. काल आम्ही पंपाच्या तारा सोडवून 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने, वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशन तपासलं. रीडिंग 20 मेगाओमच्या वर आलं. एक मेगाओमपेक्षा कमी आलं असतं तर काळजी होती. पंप चांगला आहे. ते कोटेशन कृपया मंजूर करू नये.

मग एकेका सर्किटचा न्यूट्रल लिंकवरून, म्हणजे सगळे न्यूट्रल जिथे एकत्र जोडतात त्या पट्टीवरून, सोडवून अर्थशी तपासला. पार्किंगच्या सर्किटला मेगर शून्यावर गेला, म्हणजे तिथला न्यूट्रल अर्थला टेकला आहे. गेल्या आठवड्यात पार्किंगचा एमसीबी खाली करूनही आरसीसीबी पडत होता, म्हणून ते सर्किट निर्दोष ठरवलं गेलं होतं. चूक इथेच झाली. आपले एमसीबी सिंगल पोलचे आहेत, ते फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. तो न्यूट्रल कुठे अर्थला टेकला असेल, तर पंपाचा परतीचा करंटसुद्धा थोडा त्या वाटेने जमिनीत जातो. पंप सात अँपिअर घेतो. त्यातले हजारात पाच भाग जरी तिकडे वळले, तरी 35 मिलिअँपिअर होतात. नुसत्या दिव्यांचा करंट इतका कमी असतो की रात्रभर काहीच होत नाही.

पार्किंगची लाइन मध्ये तोडून अर्धी अर्धी तपासत आम्ही गेटच्या खांबावरच्या जंक्शन बॉक्सपर्यंत पोचलो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिथला दिवा बदलला होता. झाकण लावताना न्यूट्रल स्क्रूखाली चेपला गेला आहे. बॉक्सचं रबरही गेलं आहे, आत पाणी होतं. या खांबाशेजारीच नळ आहे. वॉचमनच्या घरची मंडळी तिथे ओल्या जमिनीवर अनवाणी उभी राहून पाणी भरतात, मुलं खांबाला सायकली टेकवतात. आज न्यूट्रल चेपला आहे. त्याच बॉक्समध्ये फेजही आहे, आणि अर्थिंगची तार कुठे सैल झाली तर त्या खांबाला हात लावणाऱ्याला वाचवणारं आज काहीही नाही. हे पाहिल्यापासून मला चैन नाही.

बायपास काढल्यावर पार्किंगच्या सर्किटची फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडवून ठेवावीत, म्हणजे पंप आणि जिन्याचे दिवे संरक्षणासह चालतील. गेटपाशी ग्लँड (केबल आत शिरते तिथलं घट्ट बूच) असलेला नवा वॉटरप्रूफ बॉक्स बसवावा.

‘100 मिलिअँपिअरचा बसवू, म्हणजे पडणार नाही,’ असा कंत्राटदाराचा सल्ला आहे. तो मानू नये, ही माझी आग्रहाची विनंती. 100 आणि 300 चे आरसीसीबी मुख्यतः आगीपासून संरक्षणासाठी असतात. माणसाला शॉकपासून वाचवायला 30 चाच हवा. पुढे दिवे वाढल्यामुळे तो पडू लागला, तर दिवे आणि पंप यांना वेगवेगळे आरसीसीबी द्यावेत. दोन्हींच्या न्यूट्रल लिंक मात्र वेगळ्या हव्यात, नाहीतर दोन्ही पडत राहतील.

दर महिन्याच्या एक तारखेला टेस्टचं बटण दाबून वहीत नोंद करायचं काम मी आनंदाने करेन. वायरमन बुधवारी संध्याकाळी सहा वाजता यायला तयार आहेत. मीटर रूमची चावी त्या वेळी मिळावी. बायपास मात्र बुधवारपर्यंत ठेवू नये, तो आजच निघावा.

आपला,
एक सभासद, बी विंग, तिसरा मजला