त्या पौंडाच्या चिन्हाचं काय करू?

खानापूर,
रविवार, 14 डिसेंबर 2025

प्रिय बंड्या,

गणपतीत तुझा फोन आला तेव्हा 'काकूंच्या जात्यावरच्या ओव्या आठ दिवसांत पाठवतो' म्हणालो होतो. आता मार्गशीर्ष सरत आला. त्यानंतर तुझे दोन मिस्ड कॉल आले, दिवाळीत 'विसरलास काय रे?' असा मेसेज आला, आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. विसरलो नव्हतो, शपथ. रोज रात्री छपाईच्या दुकानाचं शटर ओढल्यावर तेच काम घेऊन बसत होतो. पण 'झालं' म्हणण्यासारखं काही नव्हतं आणि जे झालं होतं ते फोनवर सांगता येईना. आज रविवार, दुकान अर्धंच उघडं आहे, म्हणून कागद घेतला.

माझी तब्येत बरी. साखर आहे तिथेच आहे. हिच्या गुडघ्याला तेल चालू.

झालं असं, की जुना कॉम्प्युटर अखेर बंद केला. तू गेल्यावर घेतलेला, विंडोज सातवाला. क्रोमनं 2023 च्या फेब्रुवारीत सातसाठी नव्या आवृत्त्या देणं थांबवलं, 109 ही शेवटची. तरीही मी अडीच वर्षं ढकलली. मग बँकेचं पान उघडेना, गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवायचं तो घेता येईना. विंडोज दहावर जावं म्हटलं तर त्याचीही मुदत 14 ऑक्टोबरला संपणार होती. अकरासाठी टीपीएम नावाची सुरक्षेची चिप लागते, ती जुन्या डब्यात नाही. म्हणजे मशीनच नवीन. लग्नसराईच्या तोंडावर एवढे पैसे घालायचे का, यावर घरात आठ दिवस खल झाला. सप्टेंबरच्या शेवटी बेळगावला गेलो आणि घेऊन आलो.

पहिले पंधरा दिवस हात माझे राहिले नव्हते. स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यातून उठून मध्ये येऊन बसलेलं. सत्तावीस वर्षं उंदीर डावीकडे खाली ओढायची सवय, तो तिथे जायचा आणि काही नाही. ते सेटिंगमध्ये जाऊन परत डावीकडे नेता येतं हे दुकानातल्या पोरीनं दाखवलं. नंदगडची आहे, कन्नडचं सगळं काम तीच बघते. उजवं बटण दाबलं की कट-कॉपी जुन्या जागी नाहीत, बारकी चित्रं होऊन एका ओळीत बसलेली. जुनी यादी पाहिजे तर शिफ्ट धरून दाबायचं. एक सोय मात्र मनापासून आवडली: विंडोजची कळ आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टी रांगेनं समोर येतात. पत्रिकेत दोन्हीकडच्या आजोबांची नावं चार-चार वेळा चिकटवायची असतात, त्याला हे सोन्यासारखं आहे. तू असतास तर त्यासाठी दोन तास नाचला असतास.

हे सगळं जमतं रे. माणूस नव्या घरात दिव्याचं बटण कुठे आहे ते आठ दिवसांत शिकतो. खरं दुखणं पुढे आहे.

आपल्या फॉन्टच्या प्रोग्रामचा डोंगल आठवतो ना? प्रिंटरच्या पोर्टला लावायचा, त्याच्याशिवाय प्रोग्राम चालायचा नाही, करड्या रंगाचा, ज्याच्यावरून आपण आठ महिने बोललो नव्हतो. तो मी पाडला नव्हता, हे आज परत लिहून ठेवतो. नव्या मशीनला ते पोर्टच नाही. आणि असतं तरी उपयोग नव्हता. अकरा फक्त 64 बिटमध्ये येतं, आपला तो 32 बिटचा कीबोर्डचा ड्रायव्हर त्याच्यावर चढतच नाही. म्हणजे ज्या फॉन्टमध्ये आपण 1998 पासून अख्ख्या तालुक्याची लग्नं, बारशी, जत्रेची पत्रकं आणि वर्षश्राद्धाची निमंत्रणं छापली, त्यात आता नवीन एक अक्षर टाईप करता येत नाही.

आणि काकूंच्या ओव्यांची फाईल त्याच फॉन्टमध्ये.

वही 2019 च्या ऑगस्टमध्ये पुरात गेली हे तुला माहीत आहे. मलप्रभेचं पाणी तुमच्या माजघरात कमरेएवढं होतं, पत्र्याची पेटी उघडली तर आत लगदा. तेव्हा तू फोनवर म्हणाला होतास, 'असू दे, टाईप केलेलं तुझ्याकडे आहे.' ते वाक्य मी सहा वर्षं छातीशी धरून आहे. जगात त्या दोनशे बारा ओव्या आता फक्त त्या एका फाईलमध्ये आहेत, 2004 च्या मे महिन्यात तू तुझ्या विंडोज एक्सपीवर बसून केलेल्या. पहिल्या दिवशी नव्या मशीनवर सगळ्यात आधी मी तीच उघडली.

बंड्या, पोटात खड्डा पडला. अख्खं पान टोप्या घातलेल्या इंग्रजी अक्षरांनी भरलेलं. मध्येच उलटं प्रश्नचिन्ह, मध्येच अंशाची टिकली. काकूंचा एक शब्द नाही. डोक्याला माहीत होतं काय झालंय ते. जुन्या फॉन्टमध्ये फाईलीत मराठी कधीच नव्हतं. आत इंग्रजीच चिन्हं साठवलेली, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवायचा, आणि या मशीनवर मुखवटा टाकायचा राहिला होता. तरी हात गार पडले ते पडलेच. संध्याकाळी जुन्या डब्यातून फॉन्ट काढून यात घातला आणि अक्षरं परत आली. त्या रात्री जेवलो.

पण वाचता आलं म्हणून संपलं नाही. तुला ते पुस्तिका करून वर्षश्राद्धाला वाटायचंय आणि दोघी ताईंच्या फोनवर पाठवायचंय. फोनवर हा फॉन्ट नाही, तिथे परत टोप्या. म्हणजे सगळं युनिकोडमध्ये, सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखंच वाचता येणाऱ्या पद्धतीत, आणल्याशिवाय गत्यंतर नाही. कन्व्हर्टर हुडकला, चालवला. सत्तर टक्के नीट आलं, उरलेल्या तीस टक्क्यांत काकू नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसं टाईप करायचं, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडला उच्चाराप्रमाणे लागतं, आधी अक्षर मग वेलांटी, आधी र मग पुढचं. कन्व्हर्टर ही अदलाबदल करतो, पण रफार आणि अनुस्वार मिळून एकच खूण असली की गडबडतो. आणि 'वाऱ्यावर'चं त्यानं सगळीकडे 'वार्यावर' केलंय. काकूंच्या तोंडी 'वार्यावर' ऐकल्यासारखं वाटलं आणि राग आला.

म्हणून एकेक ओवी हातानं दुरुस्त करतोय. आणि त्यासाठी, ऐक, इन्स्क्रिप्ट शिकलोय, ती भारतीय भाषांच्या कीबोर्डची मांडणी.

हो. तेच, ज्याच्यावरून तू 2005 च्या दिवाळीत मला 'तू टाईपरायटरसकट जळशील' म्हणाला होतास. तुझं म्हणणं होतं, एकदा इन्स्क्रिप्ट हातात बसलं की तोच कीबोर्ड कन्नडलाही चालतो, सीमेवरच्या छापखान्याला दुसरं काय पाहिजे. मी म्हणालो होतो, तीस शब्दांचा स्पीड सोडून परत ग म भ न कशाला. तू वर्षभरात पुण्याला गेलास. त्याचं कारण तेवढंच नव्हतं हे आपल्या दोघांना माहीत आहे, पण सुरुवात तिथे झाली. परवा नंदगडच्या पोरीच्या बाजूला उभा होतो. तिनं के दाबलं, कन्नडमध्ये क आला. विंडोजची कळ आणि स्पेस दाबून भाषा बदलली, परत के दाबलं, मराठीत क. एच दाबलं, दोन्हीकडे प. मी वीस वर्षं कन्नड मजकुरासाठी बेळगावला हेलपाटे घातले, रात्रीच्या बसनं प्रूफ घेऊन परत आलो. तू बरोबर होतास. हे मला तोंडावर सांगायला जमलं नसतं म्हणून इथे लिहितो.

तू मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी अजून आहे, पिवळी पडलेली, तुझ्या बारक्या अक्षरात: 'ऱ्या = शिफ्ट जे, डी, तिरकी रेघ, ई.' जुन्या मॉनिटरवरून सोलून नव्यावर लावली. आता 'वाऱ्यावर' मी न बघता टाईप करतो.

मध्येच आठवलं म्हणून सांगतो. सरांच्या धाकट्याच्या लग्नाची पत्रिका! कन्नड फॉन्ट नाही म्हणून नवरीच्या माहेरच्या नावांच्या जागी नुसते चौकोन आले, आणि व्याही म्हणाले, 'डिझाईन चांगलं घातलंय, आमची नावं तेवढी त्याच्या खाली घ्या.' तू कागदांच्या गठ्ठ्यामागे जाऊन बसला होतास हसू दाबत. पोरीला सांगितलं तर तिला खरं वाटेना.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

पहिल्या दिवशी फॉन्ट नसताना पान टोप्यांनी भरलं होतं ना, त्यात एक चिन्ह सारखं दिसत होतं: पौंडाचं, ब्रिटिश पैशाचं. फॉन्ट घातल्यावर ते दिसेनासं झालं. मला वाटलं एखादं अक्षर असेल. पण ओळी जुळवून बघितल्या तर त्या जागी अक्षरच नाही, नुसती मोकळी जागा, नेहमीपेक्षा थोडी रुंद. आपल्या फॉन्टमध्ये ती जागा रिकामी होती. तुझं प्रूफ मी तेव्हा तीनदा वाचलं होतं, मला ते कधी दिसलंच नाही, कारण दिसण्यासारखं तिथे काही नव्हतं. मुखवटा उतरला तेव्हा दिसलं.

शोधून मोजली. तीनशे एक्केचाळीस. काही ओव्यांत एकही नाही, काहीत पाच-सहा. उदाहरणार्थ ही, पौंडाच्या जागी मी फुली काढतो:

मलप्रभेच्या पाण्याला ×
कोण घागर बुडवी × ×
भाऊ वाटंला अडवी
सासुरवाटं ×

आधी वाटलं वहीतली ओळ संपायची तिथे तू टाकलं असशील. पण मग 'बुडवी'नंतर दोन का? चुकून म्हणावं तर त्या चिन्हाला आपल्या कीबोर्डवर कळच नव्हती. ऑल्ट धरून 0163 दाबल्याशिवाय ते येत नाही. चार आकडे दाबायचे, तीनशे एक्केचाळीस वेळा. बंड्या, हे तू मुद्दाम केलंस.

मला रात्री जाग आली तेव्हा जे सुचलं ते सांगतो, चुकत असेल तर तसं सांग. तू वही घेऊन काकूंच्या शेजारी जमिनीवर बसायचास, मी उंबऱ्यात चहा घेऊन. त्या दळायच्या आणि म्हणायच्या. मध्येच खुंटा थांबायचा, सुपातली मूठ जात्याच्या तोंडात पडायची, आणि ओवी तिथून पुढे. कधी दोन मुठी. तू वहीत तेव्हा काहीतरी टिंब काढायचास हे मला अंधुक आठवतं. ते टिंब म्हणजेच हा पौंड काय? काकूंनी वैरण घातली त्या जागा तू जपून ठेवल्यास काय? आणि कुणाला दिसू नये म्हणून रिकाम्या जागेत?

नाहीतर दुसरं काही असेल. त्या वर्षी त्यांना दम लागायचा. औषध सुरू व्हायच्या आधीचं ते. ती जागा श्वासाची असेल तर मला काही म्हणायचं नाही, तू नुसतं 'श्वास' एवढं लिही.

कारण माझा हात अडलाय तो इथे. कन्व्हर्टर हे चिन्ह सरळ पुसून टाकतो. पुस्तिका छापली तर ओव्या शुद्ध, स्वच्छ येतील, एकही पौंड नाही, ताईंना फरक कळणार नाही. पण मला कळेल. ठेवायचं म्हटलं तर काय ठेवू? बारीक टिंब? मोकळी जागा? युनिकोडमध्ये रुंद जागेचं वेगळं चिन्ह आहे, ते टाकलं तर तुझ्या मूळ फाईलीसारखंच दिसेल, कुणाला कळणार नाही आणि असेलही. मला तेच आवडतंय. पण त्या काकू तुझ्या, आणि ती खूण तुझी. तुझ्या तोंडून आल्याशिवाय मी हात लावणार नाही. एकशे चाळीस ओव्या दुरुस्त झाल्या आहेत, सगळ्यांत पौंड जिथल्या तिथे ठेवलाय.

फाईलीच्या चार प्रती केल्या आहेत. दोन पेनड्राईव्हवर, एक पोरीच्या लॅपटॉपवर, एक जुन्या डब्यात. तो मी मोडीत घालणार नाही. फॉन्टही प्रत्येक प्रतीबरोबर आहे.

तुझं काय? धाकटीच्या नोकरीचं कळलं, तिला सांग काकानं पेढे मागितलेत. फ्लॅटच्या पाण्याचा प्रश्न सुटला काय? वहिनींना नमस्कार. अण्णा अजून पंपाजवळच बसतात, तुझी चौकशी करतात, ऐकू कमी येतं. कुंदा पाठवतो कुणी येणारं असेल तर.

तिथी फाल्गुनात आहे, छपाईला आठ दिवस, बाइंडिंगला चार. म्हणजे माघाच्या शेवटापर्यंत मला उत्तर पाहिजे. फोन केलास तरी चालेल, मी उचलीन. आणि फोनवर बोलताना, जमलं तर, ती मलप्रभेची ओवी एकदा म्हणून दाखव. जिथे काकू थांबायच्या तिथे थांब. मी कागदावर फुल्या मारत बसतो.

तुझाच,
पिंट्या

ता. क. डोंगल जुन्या डब्यालाच लावून ठेवलाय. अजून चालतो.