आबा, इथलं धरणही झिरपत होतं

नॅशव्हिल, टेनेसी
१४ सप्टेंबर २०२५

ती. आबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडच्या नदीला मासा हाय का?" आणि तेवढ्यात फोन कट झाला. उत्तर लांबलचक आहे, म्हणून लिहूनच पाठवते. वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा.

आमच्या शहरातून कंबरलँड नदी जाते. तिच्यावर, इथून नदीच्या वाटेनं चारशे किलोमीटरहून वर, केंटकी राज्यात वुल्फ क्रीक धरण आहे. १९५० च्या सुमाराचं, थोडं काँक्रीटचं, बाकी मातीचं. खाली चुनखडीचा खडक, आतून चाळणीसारखा. १९६८ साली धरणाच्या पायथ्याशी गढूळ पाणी यायला लागलं, जमीन खचून खड्डे पडले. ग्राउटिंग केलं, म्हणजे खडकातल्या भेगांत सिमेंट भरलं, मग एक काँक्रीटची भिंत आत उतरवली. तरी पाणी वाट काढतच राहिलं. शेवटी २००७ च्या जानेवारीत तलावच खाली आणला, समुद्रसपाटीपासून मोजलेल्या, उन्हाळ्यातल्या ७२३ फुटांच्या पातळीवरून ६८० वर, आणि दुसरी खोल भिंत पुरी होईपर्यंत, म्हणजे २०१३ पर्यंत, तो खालीच ठेवला. तुम्ही पानशेतचं सांगायचात ना, १९६१ चं? धरण फुटलं असतं तर आमच्या शहराची तीच गत झाली असती. पाणी उतरवलं ते बरंच केलं.

पण मासा त्यात भरडला गेला. तो कसा, ते नीट सांगते.

उन्हाळ्यात खोल तलावात पाण्याचे थर पडतात. वर कोमट, तळाला थंडगार. वीजघराला पाणी जातं ते खोलातून. म्हणून धरणाखाली पुढं सव्वाशे किलोमीटरपर्यंत नदी भर उन्हाळ्यातही गार असते आणि तिथं ट्राउट हा गार पाण्यातला मासा जगतो. तो इथला मूळचा नाही. धरणाशेजारीच १९७५ पासून हॅचरी, म्हणजे मत्स्यबीज केंद्र आहे, तिथून आणून सोडतात. आता त्रेचाळीस फूट पाणी कमी झाल्यावर गार थर आटला. उन्हाळा सरता सरता वीजघरातून येणारं पाणी कोमट आणि प्राणवायू नसलेलं. अशा पाण्यात ट्राउट खात नाही, वाढत नाही, कल्ले नुसते फडफडवत राहतो. गरी टाकणाऱ्यांनाही ते लगेच कळलं, मासे कमी आणि अंगानं वाळलेले. मग धरणाच्या तळाची झडपं उघडून थोडं पाणी टर्बाइनला वळसा घालून सोडायला लागले. ते जोरात आदळतं, फेसाळतं, हवा घेतं. तेवढ्या पाण्याची वीज बुडते. माशासाठी वीज सोडली, हे मला फार मोठं वाटतं आबा.

दुसरी गोष्ट याहून मोठी. तलाव उतरला तसं वरच्या अंगाला नदी पुन्हा वाहती झाली, आणि तिथं बोटभर लांबीचा एक डार्टर मासा सापडला, सरकारच्या संकटग्रस्त यादीतला. भिंत झाली तरी त्याच्यासाठी तलाव लगेच भरला नाही. २०१३ साली ७०५ फुटांपर्यंत आणि २०१४ ला पुरा. होड्या भाड्यानं देणारे, काठावरचे हॉटेलवाले चिडले होते. त्यांचंही पोट त्याच पाण्यावर. तरी थांबले ते योग्यच केलं असं मी म्हणेन. आणि भरला तेव्हा उघड्या काठांवर सात वर्षांत वाढलेली झाडं-झुडपं पाण्याखाली गेली, पिलांना लपायला आयती जागा झाली.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकीचे वडील त्या धरणाखाली ट्राउट धरायला जातात. घरातून निघण्याआधी किती वाजता किती टर्बाइन चालणार ते फोनवर बघतात. टर्बाइन चालले की पाणी चढतं, म्हणून नदीत उभं राहिल्यावर एका दगडावर नजर ठेवतात. आधी पाण्यावरून पाला आणि गवताच्या काड्या यायला लागतात, मग दगडाची कोरडी कड ओली होते. की हातातलं सोडून काठावर. ब्राउन ट्राउट वीस इंचांच्या आतला मिळाला तर परत सोडायचा, आणि मोठा मिळाला तरी दिवसाला एकच. हे ऐकताना सारखी आपली होडी डोळ्यांपुढं येत होती.

२०२४ च्या उन्हाळ्यात आपलं उजनी धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं, म्हणजे तळाचा राखीव साठाही निम्म्याहून जास्त उपसला, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, जाळं पाण्याखाली गेलेल्या पळसदेवच्या जुन्या भिंतींत अडकून फाटतंय. पुण्याची घाण तेवढ्याच थोड्या पाण्यात. मासे डबक्यांत कोंडलेले, मग अंड्यावरच्या माद्याही गेल्या आणि बोटभर पिलंही. भिगवणच्या बाजारात चिलापीचे ढीग लागले, भाव पडला. पुढच्या वर्षी जाळी रिकामी. शहराला प्यायला पाणी, उसाला पाणी, ते लागणारच, मी नाही म्हणत नाही. पण पाणी कधी आणि किती उतरणार हे आपल्याला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

पावसाळा संपला की कालवा सल्लागार समितीची बैठक लागेल, आवर्तनं ठरतील. आपल्या मच्छीमार सोसायटीतर्फे त्याआधी अर्ज द्या. तीन गोष्टी मागा: पातळीचं वेळापत्रक सोसायटीला आधी मिळावं, ठरावीक पातळीखाली डोहांत जाळी बंद असावी, आणि त्या दिवसांचा निर्वाह भत्ता भोई कुटुंबांना मिळावा. बंदी मागितली म्हणून चारजण तुमच्यावर चिडतील, नाना तर नक्कीच. त्यांना हे पत्र वाचून दाखवा. अर्जाचा मसुदा मी रविवारपर्यंत वहिनीच्या फोनवर पाठवते. तुमच्याकडची जुनी बाजारपट्टीची वही जपून ठेवा, कोणत्या साली कोणता मासा किती आला ते त्यात आहे, अर्जाला जोडता येईल.

आईला नमस्कार, बाळूला गोड पापा. गुडघ्याची गोळी चुकवू नका.

तुमची,
सुमन