काकूंना, पुस्तकांच्या पिशवीबद्दल

ती. स्व. काकूंना,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही ‘पुरे गं’ म्हणत चहा टाकायला उठता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं.

गेल्या वर्षी आषाढात हे गेले. तेरावा झाला, पाहुणे पांगले आणि रोज सकाळी फोनवर सुविचार यायला लागले. उगवता सूर्य, गुलाबाचं फूल आणि त्याखाली बहिणाबाई चौधरींच्या तव्याच्या, चटक्यांच्या त्या दोन ओळी. पाठवणारी माणसं मायेचीच होती. पण मला त्या ओळींतून एकच ऐकू यायचं, सोस. एका नातेवाइकांनी तर ज्योतिषीबुवांना घरी आणायचं ठरवलं होतं. पुढचं काय ते पत्रिकेत बघू म्हणाले.

त्याच आठवड्यात तुम्ही आलात. जुन्या इरकलीची शिवलेली पिशवी, तिच्यात वाचनालयाचं खाकी कव्हर घातलेलं बहिणाबाईंच्याच गाण्यांचं पुस्तक, शेवटच्या पानावर तारखांचे जांभळे शिक्के. सांत्वनाचा एक शब्द बोलला नाहीत. उतू चाललेल्या दुधाखालचा गॅस बंद केलात, चष्मा लावलात आणि वाचायला बसलात.

मला निम्मं कळेना. आमची मराठी इंदूरची, हिंदीत मुरलेली, आणि ही खानदेशातली. तुम्ही म्हणालात, ‘अगं, आपला निमाड ओलांडला की खानदेशच. य चा ळ कर, आपोआप उलगडेल.’ आणि उलगडत गेलं. चटके देणाऱ्या संसाराला खोटा म्हणू नका, देवळाच्या कळसाला लोटा म्हणू नका, असं ती त्याच गाण्यात पुढे म्हणते. ते आमच्या फोनवरच्या गुलाबाखाली कधीच नसायचं. मग तुम्ही ज्योतिषाचं गाणं वाचलंत. माझ्या दारी येऊ नकोस, माझा हात बघू नकोस, माझं दैव मला कळतं, असं त्याला ऐकवणारं. तिशीत विधवा झालेली, पदरी तीन मुलं असलेली, अक्षरओळख नसलेली बाई हे म्हणते! तिची गाणी मुलानं, सोपानदेवांनी, उतरवून घेतली म्हणून राहिली, आणि पुस्तक निघालं १९५२ मध्ये, ती गेल्यानंतर.

त्या रात्री मी फोन करून सांगितलं, पत्रिका बघायची नाही.

त्यातलंच एक गाणं माझ्या अंगात उतरलं. बांगड्या फुटल्या तरी मनगटातलं कर्तृत्व गेलेलं नाही, कुंकू पुसलं तरी गोंदण उरलंय, असं काहीसं ती म्हणते. यांचं स्टेशनरीचं दुकान दोन महिने बंद होतं. बँकेत तीन खेपा घातल्या तर दर खेपेला तोच प्रश्न, ‘घरात मुलगा नाही का कोणी?’ गणपतीच्या आदल्या दिवशी मी किल्ली घेऊन गेले. पावसानं कुलूप गंजलेलं. तेल घातलं, थांबले, परत फिरवलं. शटर गुडघ्यापर्यंत आलं आणि अडकलं. तेव्हा माझं लक्ष माझ्या मनगटांकडे गेलं. रिकामी होती, आणि शटर त्यांनीच धरलं होतं. तुम्ही शेजारी उभ्या होतात, पण हात लावला नाहीत. ते न लावणं मला आयुष्यभर पुरेल, काकू.

मग लक्ष्मीबाई टिळक आल्या. त्यांच्या आठवणी वाचताना मी किती महिन्यांनी मोठ्यानं हसले, आणि हसले म्हणून रडले. नवऱ्याशी भांडत, त्याच्यावर जीव टाकत, त्याच्या मागून वाट काढत गेलेली ही बाई कुठेही बिचारी होत नाही. यांच्याबद्दल चिडून बोलायची मला चोरी वाटायची, गेलेल्या माणसाबद्दल कसं बोलायचं म्हणून. ती चोरी गेली.

दुर्गाबाई भागवतांचं मात्र सावकाश चाललंय. त्यांचा जन्म आपल्या इंदूरचा, १९१० चा, हे पन्नास वर्षं इथे राहून मला माहीत नव्हतं. आदिवासींमध्ये अभ्यास करताना विषारी सुरण खाण्यात आला आणि त्या कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळल्या. पीएच.डी. राहून गेली. नुसतं पडून राहणं म्हणजे काय ते मला आता थोडंफार ठाऊक आहे. त्याच बाईनं पुढे १९५६ मध्ये ‘ऋतुचक्र’ दिलं, बारा महिन्यांचं पुस्तक. आणि १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष असताना आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या, तुरुंगात गेल्या. झाडाच्या पालवीकडे इतकं निरखून बघणारा माणूस सत्तेसमोर मान खाली घालत नाही, हे तुम्ही सहज बोलून गेलात. मी ते वहीत लिहून ठेवलंय.

तुमचाच नियम, ‘ऋतुचक्रा’तला जो महिना, तो त्याच महिन्यात वाचायचा. चैत्रात सुरुवात केली. वैशाखात तुम्ही वाचून झाल्यावर मला गच्चीवर नेलंत आणि समोरचा गुलमोहर दाखवलात. तो तिथे वीस वर्षं आहे. यांच्या मागे मी पाहिलेला तो पहिला रंग.

एक गोष्ट तुम्ही कधी मिरवत नाही, म्हणून मीच लिहिते. तुमचं माहेर ग्वाल्हेरचं. १९६१ मध्ये तिथल्या साहित्य संमेलनात कुसुमावती देशपांडे अध्यक्ष झाल्या, त्या पहिल्याच बाई. १८७८ पासूनच्या संमेलनांना त्र्याऐंशी वर्षांनी! त्या मांडवात तुम्ही आईचा पदर धरून होतात. पुढे २००१ मध्ये आपल्या इंदुरात विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या, तेव्हा तुम्ही पाहुण्यांच्या ताटात पोहे वाढत होतात. आईनं तुम्हाला मांडवात नेलं, तुम्ही मला पुस्तकापाशी नेलंत. माझी मुलगी पुण्याहून फोन करते तेव्हा हल्ली आधी विचारते, ‘काकूंनी काय वाचलं?’

आश्विन तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळे अर्धा राहिलाय. डॉक्टरांनी वाचू नका म्हटलंय तर वाचू नका. गुरुवारी दुकान साडेसातला बंद करून मी येते, पुस्तक माझ्याकडेच आहे. जिना उतरू नका, वरच येते. उरलेली पानं मी वाचते, ळ नीट म्हणेन.

तुमची,
स्टेशनरीवाली