डोक्यातली रक्ताची गाठ जिल्ह्यातच काढता यावी

महोदय,

गळीत हंगामात रात्री रस्त्याकडेला विनादिव्याच्या ऊसट्रॉल्या उभ्या असतात आणि दुचाकीस्वार त्यांवर आदळतात. डोक्याला मार लागलेल्या या तरुणांपैकी काही जण हमखास वाचण्यासारखे असताना दगावतात. त्यांच्याविषयी हे पत्र.

कानशिलाचे हाड पातळ असते. ते तडकले की आतून जाणारी रोहिणी फाटते आणि कवटी व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचते. मेंदूला स्वतःला फारशी इजा नसते, म्हणून माणूस उठून बसतो, बोलतो. नातेवाईक त्याला घरी नेतात. काही तासांत डोके ठणकू लागते, उलट्या होतात, गुंगी येते, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. गाठ ३० मिलीपेक्षा मोठी असेल तर रुग्ण शुद्धीवर असला तरी ती काढायची, असा नियम आहे. शुद्धीवर असताना काढली तर बहुतेक रुग्ण चालत घरी जातात. दोन्ही बाहुल्या फाकल्यावर केलेल्या त्याच शस्त्रक्रियेत मृत्यूचा धोका कितीतरी वाढतो.

ही शस्त्रक्रिया प्रशिक्षित जनरल सर्जन करू शकतो. हडसन ब्रेस (हाताने फिरवायचे छिद्रयंत्र), रॉन्जर (हाड कुरतडणारा चिमटा), गिगली सॉ (तारेची करवत), बायपोलर (रक्तवाहिनी जाळून बंद करणारे उपकरण), सक्शन, भूलतज्ज्ञ आणि रक्त एवढ्यावर ती होते. महागडे ड्रिल लागत नाही. मात्र नुसत्या छिद्रातून गाठ निघत नाही, कारण ती कलेजीसारखी घट्ट असते. छिद्र रॉन्जरने रुंदावून तीन-चार सेंटिमीटरची खिडकी करावी लागते. रोहिणी जाळून बंद करायची, हाडाच्या कडांना बोन वॅक्स (हाडातले रक्त थांबवणारे मेण) लावायचे आणि आवरण टाक्यांनी कडेला ताणून बांधायचे. हे टाके राहिले तर तिथे रक्त पुन्हा साचू शकते.

आवरणाच्या आतला ताजा रक्तस्राव वेगळा. त्यात मेंदूही चेचलेला असतो. मोठी कवटी उघडावी लागते, व्हेंटिलेटर लागतो. तो रुग्ण मोठ्या रुग्णालयातच जावा.

पण पाठवायचा कसा? किनवटहून नांदेड गाठायला अडीच-तीन तास जातात. हाक मारूनही डोळे न उघडणाऱ्या, गाढ बेशुद्ध रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी न घालताच त्याला गाडीत घातले, तर उलटी फुप्फुसात जाते. मेंदूची सूज उतरवणारे मॅनिटॉल थेंब-थेंब सोडले तर उपयोग शून्य. ६० किलोच्या माणसाला २०० ते ३०० मिली १५-२० मिनिटांत द्यायचे, तेही लघवीची नळी घालून आणि रक्तदाब चांगला असेल तरच. स्टिरॉइड अजूनही सर्रास टोचले जाते. डोक्याच्या इजेत त्याने मृत्यू वाढतात, हे २००४ सालीच सिद्ध झाले आहे. ते बंद झाले पाहिजे. त्याऐवजी मार लागल्यापासून तीन तासांच्या आत रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत आणि पुढचे १ ग्रॅम आठ तासांत द्यावे. औषध स्वस्त आहे, आणि सौम्य ते मध्यम इजेत त्याचा फायदा २०१९च्या मोठ्या अभ्यासात दिसला.

म्हाताऱ्या माणसांचेही सांगायला हवे. न्हाणीत घसरल्याचे घरचे विसरून जातात आणि तीन-चार आठवड्यांनी आजोबा असंबद्ध बोलू लागतात, पाय ओढतात. सगळे म्हणतात, ‘वय झालं.’ रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सीटी स्कॅन टाळूच नका. आवरणाच्या आत हळूहळू साचलेले हे जुने रक्त पातळ झालेले असते. जागा बधिर करून दोन छिद्रांतून ते कोमट सलाईनने धुऊन काढता येते. नंतर ४८ तास नळी ठेवली की पुन्हा साचण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी होते.

रक्तदाबाने मेंदूच्या आत झालेल्या रक्तस्रावात बहुतेकदा सुरी लागत नाही. वरचा रक्तदाब तासाभरात १४०च्या आसपास आणणे महत्त्वाचे. लहान मेंदूतली तीन सेंटिमीटरहून मोठी गाठ हा ठळक अपवाद.

आमची मागणी अशी: मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत प्रत्येकी किमान दोन सर्जनना वैद्यकीय महाविद्यालयात तीन महिने हे काम शिकवा आणि वरील हत्यारांचा संच द्या. सीटी स्कॅनला रात्रपाळीचा तंत्रज्ञ नेमा. चोवीस तास एक न्यूरोसर्जन फोनवर असावा. व्हॉट्सॲपवर सीटीच्या सगळ्या प्रतिमा पाहून, इथेच उघडायचे की पाठवायचे हे त्याने १५ मिनिटांत सांगावे. पाठवायचे ठरले तर तिकडचे थिएटर रुग्ण वाटेत असतानाच तयार ठेवावे.

– मराठवाड्यातील काही शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ