चालक से बात न करें

वडोदरा, रविवार

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही हसत विचारलंत, "खुर्चीत बसून तू ट्रक कसले चालवतेस?" तेव्हा घाईत होते, आता सांगते. चालवणाऱ्यांना त्रास द्यायचं काम करते.

आमच्या प्रत्येक ट्रकच्या केबिनमध्ये काचेखाली टॅब्लेट आहे. त्यावर नकाशा, वेग, पुढच्या पार्टीचा पत्ता आणि मध्येच आमचे मेसेज. गाडी कुठे आहे ते मला इथे दिसतंच, तरी पार्टीचा फोन आला की मी 'केटला वागे पहोंचशो?' (किती वाजता पोचाल?) पाठवून मोकळी.

मागच्या आठवड्यात आमचे एक जुने ड्रायव्हर इंदूरला माल उतरवून आले आणि थेट माझ्या टेबलाशी उभे राहिले. "बेन, तमारो मेसेज वांचवा गयो ने..." म्हणजे, ताई, तुमचा मेसेज वाचायला गेलो आणि... पुढचं हातानेच दाखवलं. गोध्र्याजवळ अंधारात बिनदिव्याची ट्रॉली उभी होती. ब्रेक लागला म्हणून निभावलं. वेळ पाहिली, मेसेज माझाच.

रात्री हिशेब मांडला. ताशी 60 च्या वेगात 2 सेकंद नजर खाली गेली, तर गाडी 33 मीटर पुढे. तुमच्या रोडवेजच्या तीन बस एकामागे एक उभ्या करा, तेवढं अंतर आंधळं. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकने ट्रकमध्ये कॅमेरे लावून केलेला अभ्यास 2009 मध्ये आला होता. त्यात मेसेज करणाऱ्या ट्रकचालकांना अपघाताचा किंवा तो थोडक्यात टळण्याचा धोका 23 पट निघाला. 6 सेकंदांतले 4.6 सेकंद त्यांची नजर रस्त्यावर नव्हतीच.

सगळंच वाईट आहे असं नाही हं. बोलून रस्ता सांगणारा नकाशा नव्या माणसाला सोन्यासारखा, रिव्हर्स कॅमेराही. पण वेग वाढला की पिंपिं, पट्टा सुटला की वेगळी पिंपिं, वर मी! एकाने वैतागून स्पीकरवर चिकटपट्टीच लावली. साहेब भडकले. मला त्याचा राग येईना, पण आता खरा इशाराही त्याला ऐकू जायचा नाही. रात्री तर तो पडदा इतका झगझगतो की त्यावरून नजर उचलली की बाहेर क्षणभर काळोखच.

आठवतं? खांडव्याच्या बसमध्ये भेरूघाटात मी मागून बडबड करायचे आणि तुम्ही मान न वळवता वरच्या पाटीकडे बोट दाखवायचात.

साहेबांना लिहून दिलंय: गाडी उभी राहिल्यावरच मेसेज दिसावा, रस्ता बंद असेल तर तेवढंच कळवावं, तेही आवाजात. ते म्हणाले, "पार्टीला काय सांगायचं?" तोवर मीच नकाशा बघून वेळ सांगते. कधी अर्धा तास चुकते, बोलणी खाते.

आई, बाबांच्या डोळ्यांत थेंब तूच घाल, ते विसरतात. दिवाळीला येताना लीलो चिवडा आणते.

तुमची,
मनू